आमचा काळा बिबळ्या

आमच्या लहानपणी गुंद गावी वीज नव्हती. मोटार दिवसातून एकदा आली तर आली, आणि पावसाळ्यात ओढ्यांनी वाटा अडविल्या म्हणजे बाहेरच्या जगाशी आमचा संबंध टपालवाल्याच्या छत्रीपुरताच उरत असे. उत्तर कानडा जिल्ह्याच्या नकाशावर जेथे रानाचा हिरवा रंग सर्वांत दाट भरलेला असतो, तेथे उळवीच्या अलीकडे कोठेतरी हे नाव बारीक अक्षरांत सापडते. सुपारीच्या बागा, भाताची चिंचोळी खाचरे आणि त्यांच्या भोवती रान, रान आणि पुन्हा रानच. एवढाच आमच्या भूगोलाचा विस्तार होता.

अशा या गावी आमच्यापुरते दोन वेताळ होते. एक वेशीबाहेर झाडाखाली शिळेच्या रूपाने उभा असे. गोव्यापासून आमच्या काळी नदीच्या खोऱ्यापर्यंत वेताळ हा गावांचा राखणदार मानलेला आहे. तो रात्री गस्त घालतो, अशी आजीची खात्री होती आणि संध्याकाळनंतर त्या बाजूस जावयाचे नाही, असा तिचा दंडक होता. दुसरा वेताळ आमच्या दप्तरात राहत असे. अंगास घट्ट बसलेला जांभळा पोशाख, डोळ्यांवर काळा मुखवटा, कमरेला दोन पिस्तुले, बोटात कवटीची अंगठी, बसावयास पांढरा घोडा आणि संगतीला लांडगा, असा त्याचा थाट होता. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी त्याला प्रथम वृत्तपत्रांत उभा केला. मार्च १९६४ मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या संस्थेने 'इंद्रजाल कॉमिक्स' ही चित्रपुस्तकांची माला सुरू केली, तीत तो झळकू लागला आणि पुढे मराठीही बोलू लागला. त्या भाषांतरकारांनी त्याचे नाव 'वेताळ' ठेवले, यात त्यांनी किती नेमके काम केले होते, हे आमच्या आजीने सिद्ध करून दाखविले.

ते असे. आमच्या चुलतभावाने बेळगावहून पहिले चित्रपुस्तक आणले, तेव्हा 'यात काय आहे रे?' म्हणून आजीने विचारले. 'वेताळ आहे,' असे आम्ही सांगताच तिने ते आमच्या हातून काढून घेतले, डोळ्यांना लावले आणि ओसरीवरच्या कोनाड्यात ठेवले. माजघरात नेले नाही, कारण वेताळाला घरात घेत नाहीत. दोन दिवस ते पुस्तक तेथेच होते व रोज त्याच्यावर एक जास्वंद पडत असे. तिसऱ्या दिवशी आम्ही फुलासकट ते पळविले.

या वेताळाचा आम्हांस एवढा लळा का लागला, याचे कारण आता उमगते. त्याच्या अंगी कोणतीही दैवी शक्ती नव्हती. बाप मेला की मुलाने मुखवटा चढवावयाचा, अशी एकवीस पिढ्यांची परंपरा चालली होती, आणि लोक मात्र एकच पुरुष चारशे वर्षे जिवंत आहे असे समजून भीत होते. शिवाय तो आमच्यासारखाच रानात राहत होता. शहरांवरून उडणारे वीर शहरातल्या मुलांना लखलाभ असोत. डेंकालीच्या जंगलात झाडांवरून झाडांवर जाणारा हा गृहस्थ उद्या उळवीच्या वाटेवर भेटला असता तरी आम्हांस नवल वाटले नसते. दादा मात्र बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा भक्त होता. झुंजार आणि काळा पहाड यांच्यापुढे आमचा वेताळ त्याला पोरकट वाटे, आणि तसे तो बोलूनही दाखवी.

डिसेंबर १९७१ मध्ये आम्ही बारा वर्षांचे होतो. ३ तारखेस पाकिस्तानशी युद्ध सुरू झाले. रात्री दिवे झाकावेत असा हुकूम निघाला. गुंदला तो पाळणे सोपे होते, कारण आमच्याकडे काळोख हा नित्याचाच नियम होता. दुकानदाराच्या ट्रान्झिस्टरभोवती संध्याकाळी सारा गाव जमू लागला. छत्रीने कोठे सैनिक उतरले, कोठे हेर सापडला, कोणाच्या विहिरीत काय टाकले, या बातम्या आकाशवाणी सांगत नसे. परंतु ट्रान्झिस्टर बंद झाला म्हणजे त्या सुरू होत.

याच दिवसांत आम्ही आणि आमचा एक सोबती, असे दोघांनी मिळून स्वतःचे चित्रपुस्तक काढावयाचे ठरविले. हा सोबती मूळचा सुप्याचा. तेथे घरात खाणारी तोंडे फार, म्हणून तो गुंदला मामाकडे शिकावयास राहिला होता. गणितात तो कच्चा होता, पण कोळशाने भिंतीवर काढलेली त्याची म्हैस पाहून खरी म्हैस थबकत असे. आम्ही त्याला 'चितारी' म्हणत असू. चित्रे त्याची आणि शब्द आमचे, अशी वाटणी झाली. या वाटणीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पुढे जे घडले त्यात कोणाचा वाटा किती, हे तीवरूनच ठरते.

वही दादाच्या जुन्या जमाखर्चाची होती, मागील कोरी पाने आमची. पिवळा रंग हळदीचा, काळा काजळाचा, नारिंगी पारिजातकाच्या देठांचा, आणि जांभळ्यासाठी शाईची पेन्सिल होती, जी जिभेला लावली म्हणजे उमटते. महिनाभर आमच्या दोघांच्या जिभा वेताळाच्या पोशाखाच्या रंगाच्या होत्या. वीराचे नाव आम्ही 'काळा बिबळ्या' ठेवले. आमच्या रानात काळे बिबळे खरोखरच आहेत, तेव्हा त्यात कल्पनाशक्तीचे श्रेय फारसे घेता येत नाही. याच नावाचा एक वीर अमेरिकन चित्रपुस्तकांत १९६६ सालीच अवतरला होता, हे आम्हांस कित्येक वर्षांनी कळले आणि क्षणभर आपलीच चोरी झाल्यासारखे वाटले. असो. आमचा बिबळ्या दिवसा सुपारी सोलणारा गडी असे व रात्री काळी कांबळी पांघरून, तिला डोळ्यांपुरती दोन भोके पाडून हिंडत असे.

वीर सिद्ध झाला. शत्रूही आयता होता. परंतु शत्रूपाशी गुप्त अस्त्र हवे, आणि ते कसले असावे यावर आमची गाडी अडली. चित्रपुस्तकांतले दुष्ट शास्त्रज्ञ किरणे सोडीत, समुद्राखाली तळ बांधीत; किरण काढावयाचे कसे, हे चिताऱ्याला कळेना आणि समुद्र त्याने पाहिला नव्हता. चार दिवस काळा बिबळ्या नुसताच झाडावर बसून राहिला.

मग ते अस्त्र आम्हांस सापडले.

गावापासून थोड्या अंतरावर, रान तोडून केलेल्या एका मोकळ्या जागेत, तारेच्या लहानशा कुंपणाच्या आत जस्ताच्या पत्र्याचे एक नळकांडे जमिनीत रोवलेले होते. ते आमच्या कमरेइतके उंच होते. वर गोल तोंड, बाजूला कुलूप लावलेले एक दार. सरपणासाठी गेलो असता आम्ही ते पाहिले. चिताऱ्याने तारेखालून जाऊन कान लावला आणि तो पांढराफटक झाला. आम्हीही लावला. आत टिक्-टिक् चालले होते.

दुसऱ्या दिवशी तेथे एक मनुष्य दिसला. कानटोपी, जाड भिंगांचा चष्मा, खांद्यास कापडी पिशवी. त्याने दार उघडले, आतून कागदाची एक गुंडाळी काढली, घड्याळाकडे पाहिले, वहीत काही टिपले, दार लावले. दाराच्या फटीतून आम्हांस जांभळ्या शाईची एक लांब रेघ दिसली. जांभळी शाई! आणखी कोणता पुरावा हवा होता? तो मनुष्य आठवडाभर गावात देवळाच्या पडवीत उतरला होता, एकटा जेवत होता, कानडी बोलत होता आणि कोणी विचारले तर हाताने आभाळाकडे बोट दाखवीत होता. आभाळातून काय येते? विमान येते. आमच्या तर्कशास्त्रात एकही खाच राहिली नव्हती.

दोन दिवसांत गोष्ट पुरी झाली. नळकांडे चिताऱ्याने असे काढले की त्याच्या पत्र्यावरचा आकडादेखील बरोबर होता. मनुष्याचे चित्र मात्र प्रथम त्याने जसे दिसले तसेच काढले: किंचित वाकलेला, चष्मा नाकावर घसरलेला, कोणाच्याही शाळेत असतो तसा गणिताचा मास्तर. आम्हांस ते पसंत पडले नाही. 'हा हेर दिसत नाही,' आम्ही म्हणालो, 'भुवया काढ, वर चढलेल्या.' 'पण त्याच्या तशा नाहीत रे,' चितारी म्हणाला. 'गोष्टीत असतात,' आम्ही म्हणालो. त्याने मुकाट्याने भुवया काढल्या. आम्ही वर फुगा काढून त्यात लिहिले: 'पूल उडेल, गाव बुडेल, हा हा हा!' आणि खाली मोठ्या अक्षरांत, काळ्या बिबळ्याच्या तोंडी: 'हाच तो!' एक पान पुढील अंकासाठी कोरे ठेवले.

वही शाळेत फिरली. एका पेरूला एक वाचन, असा दर होता. 'खुकरी' ही आपली युद्धनौका ९ डिसेंबरला दीवजवळच्या समुद्रात बुडाली, ती बातमी गावात पोहोचल्यावर ट्रान्झिस्टरभोवतीचे हसणेबोलणे थांबले होते. अशा एका संध्याकाळी कोणा पोराच्या हातून ती वही दुकानाच्या फळीवर राहिली व मोठ्यांच्या हाती पडली. पोरांनी लिहिलेले, म्हणून ते हसण्यावारी जावयाचे. परंतु चिताऱ्याचे चित्र फार चांगले होते. कोणीतरी म्हणाले, 'अरे, हा तर देवळातला!'

त्या रात्रीचे आम्ही पाहिले ते ओसरीच्या खांबाआडून. पंधरावीस माणसे मशाली घेऊन देवळाकडे गेली. आरडाओरड झाली. त्याला पडवीतून ओढून काढले, सुंभाने हात बांधले आणि खांबाशी बसविले. तो जिवाच्या आकांताने एकच शब्द पुनःपुन्हा ओरडत होता: 'मळे! मळे!' गावात कानडी जाणणारे नव्हते असे नाही. त्या रात्री कानडी कळण्याच्या मनःस्थितीत कोणी नव्हते, एवढेच. मराठी कानांनी ऐकले ते मराठी मळे. 'ऐका, आमच्या मळ्यांवर डोळा आहे याचा,' असे एक जण म्हणाला आणि त्याने त्याला थोबाडीत मारली. चष्मा उडाला. कोणाचा तरी पाय त्यावर पडला, तो काचेचा आवाज आम्हांस खांबाआड ऐकू आला.

मळे या कानडी शब्दाचा अर्थ पाऊस.

सकाळी गुरुजी आले. त्यांना कानडी उत्तम येत असे. त्यांनी त्याचे कागद वाचले, सुंभ सोडले आणि जमलेल्यांकडे अशा नजरेने पाहिले की माणसे एकेक करून आपापल्या बागेकडे निघाली. कोणी शहाळे आणून ठेवले, कोणी तोंड धुवावयास पाणी दिले. क्षमा मात्र कोणी मागितली नाही. आम्हीही मागितली नाही. गुरुजींनी वही त्या मनुष्यापुढे धरून आम्हां दोघांकडे बोट दाखविले. आता हा आपणांस मारणार, अशा तयारीने आम्ही डोळे मिटले.

त्याने पाने उलटली. फुटके भिंग एका डोळ्याला धरून त्याने नळकांड्याचे चित्र बराच वेळ पाहिले आणि गुरुजींना काही सांगितले. गुरुजी म्हणाले, 'ते म्हणतात, आकडा बरोबर आहे, पण तुम्ही घड्याळाला काटे काढलेत. याच्या घड्याळाला काटे नसतात.' स्वतःच्या चित्राविषयी, त्या भुवयांविषयी, तो एक अक्षर बोलला नाही.

त्याच दिवशी तो आम्हां दोघांना गुरुजींसह त्या जागी घेऊन गेला. दार उघडून त्याने आतील रचना दाखविली. वरच्या तोंडातून पाऊस आतल्या भांड्यात येतो. भांड्यात तरंगणारा एक गोळा असतो, पाण्याबरोबर तो चढतो आणि त्याला जोडलेली लेखणीही चढते. शेजारी घड्याळाच्या यंत्राने फिरणारे एक पिंप, त्यावर तक्त्याचा कागद. पिंपाचा एक फेरा म्हणजे एक दिवस. पाऊस पडत असेल तर रेघ वर चढते, भांडे भरले की पाणी आपोआप निघून जाते व रेघ सरळ खाली येऊन पुन्हा चढू लागते. पाऊस नसेल तर रेघ सपाट. डिसेंबरात ती सपाटच होती. पुढल्या पावसाळ्यासाठी यंत्र बसवून घड्याळ नीट चालते की नाही, हे पाहण्यास तो आला होता. नवा कागद लावून लेखणी टेकविण्याचे काम त्याने चिताऱ्याला करू दिले.

हे सारे मोजावयाचे कशासाठी, तेही त्याने सांगितले. गुरुजींनी ते मराठीत मोठ्याने सांगितले. या डोंगरांवर किती पाणी पडते, हे आधी कळावे लागते. मग काळी नदीवर किती उंचीची भिंत घालावयाची, ते ठरते. मोठे धरण व्हावयाचे आहे. आम्ही ऐकले. त्यात गुप्त असे काहीच नव्हते, म्हणून आमचे लक्ष लगेच उडाले.

१६ तारखेस युद्ध संपले. तो मनुष्य त्याआधीच निघून गेला होता. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली होती आणि एक भिंग नव्हतेच.

पुढे वाचनाची गोडी लागली आणि आमच्या या पोरखेळाला मोठमोठ्यांची संगत आहे असे आढळले. १९४५ च्या वसंतात अमेरिकेच्या वृत्तपत्रांतून सुपरमॅनची चित्रमालिका रोज येत होती. तीत एक प्राध्यापक सुपरमॅनवर सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रातून अणूच्या कणांचा मारा करतो, असा प्रसंग चालला होता. अमेरिकन युद्धखात्याने हे चित्र पाहिले आणि त्याची झोप उडाली. कारण सायक्लोट्रॉनपासूनच निघालेल्या यंत्रांनी त्या वेळी ओक रिज येथे अणुबाँबसाठी युरेनियम वेगळे काढण्याचे काम अत्यंत गुप्तपणे चालले होते. मालिका चालविणाऱ्यांकडे निरोप गेला आणि ती कथा आवरती घ्यावी लागली. ती लिहिणाऱ्या ॲल्विन श्वार्ट्झ यास गुप्त काहीच ठाऊक नव्हते; यंत्राची कल्पना एका जुन्या विज्ञानविषयक मासिकातून घेतली, असे त्याने पुढे सांगितले. दुसरी एक कथा, जीत सुपरमॅनच्या शत्रूने अणुशक्तीचे अस्त्र वापरले होते, तीही अडवून ठेवण्यात आली आणि हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी खरा बाँब पडून गेल्यावर १९४६ च्या आरंभी ती छापली गेली. गंमत अशी की कोट्यवधी वाचकांपैकी कोणासही त्या चित्रात गुपित दिसले नव्हते. ते दिसले फक्त गुपित राखणाऱ्यांना. गुंदला नेमके उलट झाले. तेथे गुपित नव्हते, आणि ते सर्वांना दिसले.

आमच्या डोंगराच्या पलीकडेही एक अशीच हकिगत घडून गेली होती. दुसऱ्या महायुद्धात तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातील मुरगाव बंदरात जर्मनीची तीन आणि इटलीचे एक जहाज अडकून पडले होते. त्यांपैकी 'एरनफेल्स' या जर्मन जहाजावर गुप्त प्रक्षेपकयंत्र असून त्यावरून पाणबुड्यांना इंग्रजांच्या जहाजांचा ठावठिकाणा कळविला जातो, असे इंग्रजांस वाटत होते. तटस्थ बंदरात सैन्य धाडता येईना. तेव्हा मार्च १९४३ मध्ये एका रात्री 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी दलातील काही सभासद एका साध्या गाळ काढण्याच्या बोटीतून तेथे गेले. ही मंडळी कलकत्त्यात व्यापारधंदा करणारी, बहुतेक सैन्याच्या दृष्टीने वय उलटलेली. ती एरनफेल्सवर चढली. खलाशांनी जहाजाची झाकणे उघडून ते बुडविले आणि बाकीची तीन जहाजेही त्यांच्या त्यांच्या खलाशांनी जाळून बुडविली. पुढे पस्तीस वर्षे याची वाच्यता झाली नाही. जेम्स लीसर या लेखकाने १९७८ साली पुस्तक लिहिले, तेव्हा ही हकिगत लोकांस कळली. मुखवटा नाही, जांभळा पोशाख नाही, पोट सुटलेले वीर. आमच्या चिताऱ्याला हे ठाऊक असते, तर काळ्या बिबळ्यालाही त्याने थोडे पोट काढले असते.

परंतु हे सारे नंतरचे. मधल्या काळात पर्जन्यमापकाची रेघ दरवर्षी जून ते सप्टेंबर चढत राहिली आणि ती वाचणाऱ्यांनी आपले गणित पुरे केले. १९७४ च्या सुमारास सुप्यास धरणाचे काम सुरू झाले. १९८७ च्या सुमारास गणेशगुडीजवळ ते पुरे झाले: उंची १०१ मीटर, कर्नाटकातील अतिशय उंच धरणांपैकी एक, पायथ्याशी १०० मेगावॅट वीज निर्माण करणारे केंद्र. या विजेवर आज कितीतरी घरांत दिवे लागतात आणि आम्हीही तिच्या उजेडातच हे लिहीत आहोत, तेव्हा धरणास नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पण काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावर वसलेले सुपे गाव, जे तालुक्याचे ठिकाण होते, ते त्या पाण्याखाली गेले. त्याच्याबरोबर आसपासची खेडी, खाचरे आणि बागा गेल्या. तालुक्याचा कारभार जोयड्यास गेला. माणसे रामनगरला आणि इतरत्र वसली. त्यांत चिताऱ्याचे घरही होते.

'गाव बुडेल' हे शब्द आमचे. ते त्या मनुष्याच्या तोंडी घालताना आम्हांस वाटले होते की आपण भयंकर असे काही कल्पिले आहे. ती वही आठवली की हा फुगाच आधी डोळ्यांपुढे येतो. त्याने आम्हांस सारे सांगितले होते, तेही उजेडात, गुरुजींच्या तोंडून, मराठीत. सारा गाव तेव्हा आपापल्या बागेत होता, आणि आम्ही दोघे ऐकत होतो ते त्या पिंपाची टिक्-टिक्.

आज आमच्या जिल्ह्यात खरोखरीची कुलूपबंद स्थळे आहेत. त्याच काळी नदीच्या काठी कैगा येथे २००० सालापासून अणुशक्तीवर वीज निर्माण होत आहे. कारवारजवळ अरगा येथे २००५ साली 'कदंब' हा नौदलाचा तळ सुरू झाला. तेथील कुंपणांना आत डोकावण्यास फट नसते, आणि नसावी हेच योग्य. त्या कुंपणांबाहेर कोणी बारा वर्षांचा मुलगा गुडघ्यावर वही ठेवून बसला असेल, तर त्याने खुशाल वीर काढावा. भुवयांचे मात्र जपून करावे.

'इंद्रजाल कॉमिक्स' १९९० साली बंद पडली. आमची पुस्तके त्याच्या पुष्कळ आधी वाळवीने खाल्ली होती. ती वही कोठे गेली, हे आम्हांस ठाऊक नव्हते. त्या दिवसानंतर गुरुजींनी ती ठेवून घेतली असावी, असे आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी रामनगरला जाण्याचा योग आला. चितारी आता आजोबा झाला आहे. आयुष्यभर त्याने दुकानांच्या पाट्या आणि मालमोटारींच्या पाठीमागची कमळे व मोर रंगविले. आता हात कापतो म्हणून सोडले. चहा झाल्यावर तो आत गेला आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आला. वही तिच्यात होती. गुरुजींनी ती त्यालाच परत दिली होती, 'चित्रे चांगली आहेत, ठेव' म्हणून. आम्हांस का दिली नाही, हे विचारण्याची गरज नव्हती.

शेवटचे पान कोरे नव्हते. सुप्याचे घर सोडावयाच्या वर्षी, सामान बांधता बांधता वही हाती लागली, तेव्हा एका रात्री बसून काढले, असे तो म्हणाला. रानातली ती मोकळी जागा आहे. धो धो पाऊस पडतो आहे. नळकांड्याचे दार उघडे आहे आणि समोर तो मनुष्य वाकून उभा आहे: कानटोपी, नाकावर घसरलेला चष्मा, दोन्ही भिंगे शाबूत, भुवया साध्या. मागे काळा बिबळ्या उभा आहे. त्याने आपली कांबळी काढून त्या मनुष्याच्या डोक्यावर धरली आहे, त्यामुळे त्याचे स्वतःचे तोंड उघडे पडले आहे. ते बारा वर्षांच्या मुलाचे आहे, आणि कोणाचे आहे हे ओळखण्यास आम्हांस चष्मा लावावा लागला नाही. दारातून दिसणाऱ्या तक्त्यावर जांभळी रेघ चढत चढत कागदाच्या कडेपर्यंत गेली आहे. दोघांच्याही तोंडापाशी फुगे काढलेले आहेत, पण त्यांत काही लिहिलेले नाही.

'हे रे काय?' आम्ही विचारले.

'शब्द तुझे होते ना,' चितारी म्हणाला. 'मी माझे काम केले. जागा सोडून ठेवली आहे.'

निघताना त्याने वही आमच्या पिशवीत घातली. त्यास आता वर्ष होत आले. ती आमच्या टेबलावर आहे आणि फुगे अजून रिकामे आहेत.